दोन अंशांचं पाणी, लाव्हाचा बोगदा आणि ‘आज नाही’ म्हणणारा दादा

  

मागच्या भागात मी आइसलँडचा नुसता उल्लेख केला आणि इनबॉक्स भरून गेला. नॉर्दर्न लाइट्सबद्दल फार कोणी विचारलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. सगळ्यांचे प्रश्न त्या एका दिवसाबद्दल. सकाळी बर्फाच्या पाण्यात स्नॉर्कलिंग आणि दुपारी लाव्हाच्या गुहेत सरपटणं. ‘ताई, थंडीने मरत नाही का माणूस?’ ‘पोहता येत नसेल तर चालतं का?’ ‘दोन खंडांना एकाच वेळी हात लागतो हे खरं का?’

तर आजचा भाग फक्त त्या एका दिवसाचा. आणि त्या दिवशी आमच्यातला एक जण पाण्यात उतरलाच नाही, त्याचाही. खरं सांगायचं तर मला बोलायचंय ते मुख्यतः त्याच्याबद्दलच.

आधी जागा समजून घेऊ

रेक्याविक ही आइसलँडची राजधानी. तिथून पाऊण-एक तासावर थिंगवेलिर नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. आइसलँडच्या लोकांसाठी ही जागा म्हणजे आपल्याकडे रायगड. इसवी सन 930 मध्ये त्यांची लोकसभा, म्हणजे आल्थिंग, इथे उघड्यावर भरायला लागली. 1944 साली प्रजासत्ताकाची घोषणा झाली तीही इथेच. 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

या जागेखाली जमीन फाटतेय. अगदी शब्दशः. उत्तर अमेरिकेची भूपट्टी पश्चिमेकडे सरकतेय, युरेशियाची पूर्वेकडे, दोन्ही मिळून वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर. आपली नखं वाढतात त्याच्या आसपासचा वेग म्हणा. मधली जमीन ताणली जाते, खचते, तिला भेगा पडतात. 1789 मध्ये इथे मोठे भूकंप झाले तेव्हा दरीचा तळ काही ठिकाणी मीटरपेक्षा जास्त खाली बसला. अशाच एका भेगेचं नाव सिल्फ्रा. ती पाण्याने भरलेली आहे आणि त्या पाण्यात लोक पोहतात.

आता तो रीलवाला दावा. ‘मी एका हाताने अमेरिकेला आणि एका हाताने युरोपला हात लावला.’ फोटो भारी दिसतो, पण भूगोल इतका सोपा नाही. दोन भूपट्ट्यांची हद्द इथे रेघेसारखी नाही, ती कित्येक किलोमीटर रुंद पट्टा आहे. पश्चिमेला आल्मानाग्याउ नावाची उंच भिंत, पूर्वेला ह्राप्नाग्याउ, आणि मधे भेगाच भेगा. सिल्फ्रा त्यातली एक. म्हणजे तुम्ही दोन खंडांच्या मधल्या पट्ट्यात असता हे खरं, पण दोन्ही बाजूंच्या कातळावर देशांच्या पाट्या लावलेल्या नसतात. मला विचाराल तर खरी गोष्ट रीलपेक्षा भारी आहे.

आणि ते पाणी! लांगयोकुल नावाची हिमनदी साधारण 50 किलोमीटरवर आहे. तिचं वितळलेलं पाणी वरून वाहत येत नाही, जमिनीत मुरतं. तिथला लाव्हा सच्छिद्र, भेगाळलेला. त्यातून गाळत गाळत ते पाणी इथे पोचायला 30 ते 100 वर्षं लागतात. म्हणजे मी ज्या पाण्यात तोंड घातलं ते कदाचित माझी आजी शाळेत होती तेव्हा बर्फातून सुटलेलं. इतकं गाळल्यावर त्यात कचरा, माती काही उरत नाही. शंभर मीटर लांबचं दिसतं. आणि तापमान बारा महिने दोन ते चार अंश. हिवाळ्यात गोठत नाही, उन्हाळ्यात तापत नाही.

कपड्यांचा कार्यक्रम

आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो होतो. मी आणि माझा चुलतभाऊ, दादा. दादा जर्मनीत असतो, वय 41, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. ही ट्रिप त्याच्या डोक्यातली. सहा महिने तो मला सिल्फ्राचे व्हिडिओ पाठवत होता.

एका गाइडमागे जास्तीत जास्त सहा जण, असा तिथला नियम आहे. सिल्फ्रामध्ये पर्यटकांचे मृत्यू झालेले आहेत आणि 2017 मध्ये नियम आणखी कडक केले गेले. उंची-वजनाची किमान अट, पोहता येणं आवश्यक, तब्येतीबद्दलचा फॉर्म. हृदयाचं, फुप्फुसाचं काही असेल तर डॉक्टरांची सही लागते. तो फॉर्म आमच्या गाइडने आमच्यासमोर एकेक ओळ वाचून पुन्हा विचारला. गाइड पोलंडचा, तिशीतला, कमी बोलणारा.

मग कपडे. पार्किंगमध्ये, उघड्यावर, सहा अंशांच्या वाऱ्यात. आतून थर्मल, त्यावर गोधडीसारखा एक जाड सूट, आणि त्यावर ड्रायसूट. वेटसूट वेगळा बरं का. वेटसूटमध्ये पाणी आत येतं आणि अंगाच्या उबेने तेच गरम होतं. ड्रायसूटमध्ये पाणी येतच नाही. आत हवा राहते, ती ऊब धरते आणि तुम्हाला तरंगतही ठेवते. इतकी, की बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही.

पाणी आत येऊ नये म्हणून मनगटाला आणि गळ्याला रबराची घट्ट पट्टी असते. मनगटाचं ठीक आहे. गळ्याची मात्र अशी बसते की पहिली दोन मिनिटं वाटतं कोणीतरी गळा धरलाय. श्वास व्यवस्थित चालू असतो, पण डोक्याला ते पटत नाही. त्यावर डोक्याची टोपी, हातमोजे, मास्क, स्नॉर्कल. हातमोजे आणि टोपी मात्र वेटसूटच्या जातीचे, त्यांत पाणी शिरतं.

आणि हो, सगळ्यात महत्त्वाची टीप. सूट चढवायच्या आधी टॉयलेटला जाऊन या. नंतर तीन तास ती सोय नाही.

दादाने सूट चढवला, गळ्याची पट्टी ओढली आणि गप्प झाला. एरवी त्याची बडबड थांबत नाही. मी विचारलं, “दादा, ठीक आहेस ना?” तो म्हणाला, “हां हां, आवळतंय जरा.”

लोखंडी जिन्यावर

सिल्फ्रात उतरायला लोखंडी जिना आहे. शेवटच्या पायरीवर पाणी कंबरेपर्यंत येतं. तिथे उभं राहून प्रत्येकाने मास्क लावून तोंड पाण्यात घालायचं आणि श्वास शांत होईपर्यंत थांबायचं. मगच पुढे.

हा प्रकार का करायला लावतात, ते सांगते, कारण हे आइसलँडपुरतं नाही. अचानक थंड पाण्यात गेलं की शरीर पहिल्यांदा एक मोठा आवंढा घेतल्यासारखा श्वास आत ओढतं. आपण ठरवून नाही, ते आपोआप होतं. मग धाप लागते, छाती धडधडते. याला कोल्ड शॉक म्हणतात. त्या पहिल्या श्वासाच्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट आत. थंड पाण्यात बुडणारी बरीच माणसं गारठून जात नाहीत, ती या पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत जातात. चांगले पोहणारेसुद्धा.

कॅनडातले थंडीचे अभ्यासक डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हे लक्षात ठेवायला एक सोपं सूत्र सांगितलंय. एक, दहा, एक. सूट-बीट काही नसताना बर्फाच्या पाण्यात पडलात तर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं. पुढची दहा मिनिटं हातपाय नीट चालतात, तेवढ्यात बाहेर पडायचं किंवा कशाला तरी धरायचं. आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास असतो. म्हणून घाबरून हातपाय झाडण्यापेक्षा आधी श्वास. पाणी हवेपेक्षा 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढतं हे खरं, पण तरीही पहिला शत्रू गारठा नसतो, धाप असते. आणि हो, ही धाप लागायला पाणी बर्फाचंच पाहिजे असं नाही. 15 अंशांखालचं पाणी पुरतं. मनालीची बियास आठवा, हिवाळ्यातली ऋषिकेशची गंगा आठवा.

माझी पाळी आली. तोंड घातलं. ओठ आणि गाल उघडे असतात ना, तिथे असं वाटलं की कोणी बर्फाची लादी दाबली. मग अर्ध्या मिनिटात काही कळेनासंच झालं, सगळं बधिर. श्वास दोनदा अडकला, तिसऱ्यांदा सुटला. गाइडने अंगठा आणि बोट जुळवून विचारलं, ओके? मी ओके केलं.

दादाने तोंड घातलं, लगेच बाहेर काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा तो मास्क काढून जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. छाती भात्यासारखी वरखाली. आमच्या गटातला एक जण मागून म्हणाला, “कम ऑन, यू कॅन डू इट!” चांगल्या मनाने म्हणाला, नाही असं नाही. आपणही हेच म्हणतो, नाही का? ‘अरे चल रे, काही होत नाही.’

मी काहीच बोलले नाही. मला माहीत होतं त्याने किती पैसे भरलेत. सहा महिने कोणाकोणाला सांगितलंय. वर त्याची बायको, मुलगा व्हिडिओची वाट बघत होते.

दादा गाइडकडे वळला आणि म्हणाला, “नॉट टुडे.” मग माझ्याकडे बघून मराठीत, “आज नाही गं. तू जा.”

गाइडने वाद घातला नाही, समजूत घातली नाही, ‘पैसे परत मिळणार नाहीत’ हेही ऐकवलं नाही. तो म्हणाला, “गुड डिसिजन,” आणि दुसऱ्या गटाच्या गाइडला खूण केली. तो दादाला व्हॅनपर्यंत घेऊन गेला. दोन मिनिटांत विषय संपला. मला ते फार आवडलं. त्यांच्याकडे ‘नाही’ला जागा होती. माणूस मागे फिरला तर त्याच्यासोबत कोण जाणार, हे आधीच ठरलेलं होतं.

निळं

मग मी पोहले. पोहले म्हणजे काय, वाहत गेले. सिल्फ्राला हलका प्रवाह आहे, तो तुम्हाला तळ्याच्या दिशेने ढकलत नेतो. पाय फारसे मारावे लागत नाहीत. हात पाण्याबाहेर पाठीवर ठेवायचे, म्हणजे बोटं कमी दुखतात. दुखतात मात्र नक्की. वीस मिनिटांनंतर माझी करंगळी माझी राहिली नव्हती.

खाली बघितलं आणि पोटात खड्डा पडला. पाणी दिसतच नाही हो! आपण तरंगतोय हे विसरायला होतं. वाटतं, दोन इमारतींच्या मधल्या गल्लीवर हवेत लटकलोय. काळ्या कातळाच्या भिंती दोन्ही बाजूंनी खाली जातात आणि जसजशा खोल जातात तसतशा निळ्या होतात. पाणी लाल रंग आधी गिळतं, निळा शेवटपर्यंत राहतो. त्यामुळे खाली अशी निळाई आहे की तिला मराठीत शब्द नाही. मोरपंखी म्हणावं तर त्याहून थंड. भेगेची सगळ्यात खोल जागा 63 मीटर आहे. म्हणजे वीस मजली इमारत उभी मावेल. स्नॉर्कल करणारे अर्थात वरच तरंगतात.

मासे बघायला मिळतील म्हणून जाऊ नका, मला एकही दिसला नाही. गर्द पोपटी शेवाळाच्या बटा मात्र सगळीकडे. तिथले लोक त्याला राक्षसाचे केस म्हणतात. मोठ्या भेगेतून पुढे गेल्यावर एक रुंद दालन, त्यापुढे कॅथेड्रल नावाचा भाग. सुमारे शंभर मीटर लांब, एका टोकाहून दुसरं टोक दिसतं. शेवटी डावीकडे वळून उथळ तळ्यात शिरायचं, आणि इथे मात्र जोरात पाय मारायचे, कारण प्रवाह सरळ जातो.

मधे गाइडने स्नॉर्कल काढून पाणी प्यायची खूण केली. प्यायले. चव? काहीच नाही. ‘काहीच नाही’ची इतकी छान चव मी कधी घेतली नव्हती.

पाऊण तास असेल सगळा. वर आले तेव्हा दादा हॉट चॉकलेटचा कप घेऊन उभा होता. माझे हात कप धरण्याच्या लायकीचे नव्हते, त्याने धरला आणि मी प्यायले.

लाव्हाचा बोगदा

दुपारची गुहा तिथून जवळच. नाव ग्याउबाक्काहेलिर. घाबरू नका, फोडून बघू. ग्याउ म्हणजे भेग, बाक्की म्हणजे काठ, हेलिर म्हणजे गुहा. भेगेकाठची गुहा. लांबी साडेतीनशे मीटरच्या आसपास, एका तोंडाने आत आणि दुसऱ्याने बाहेर.

ही गुहा पाण्याने कोरलेली नाही आणि माणसानेही नाही. लाव्हा वाहत असतो तेव्हा वरचा थर हवेने थंड होतो, त्याचं कवच बनतं. दुधावर साय धरते तसं. आतला लाव्हा मात्र अकराशे अंशांच्या वर गरम, तो कवचाखालून वाहतच राहतो. कवच उष्णता आत कोंडून ठेवतं, म्हणून लाव्हा लांबवर जातो. मग ज्वालामुखीतून येणारा पुरवठा थांबतो, आतला लाव्हा पुढे निघून जातो, आणि मागे उरते रिकामी नळी. हिलाच लाव्हा ट्यूब म्हणतात.

भिंतीवर आडव्या कडा दिसतात. लाव्हाची पातळी जिथे जिथे काही काळ टिकली त्या त्या रेषा, हौदातलं पाणी उतरल्यावर दिसतात तशा. छताला थेंबांसारखे लोंबणारे दगड. छत वितळलं, थेंब ओघळले आणि तसेच गोठले. ते एकदा तुटले की परत वाढत नाहीत, कारण लाव्हा परत येणार नाही. आइसलँडमध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. हात लावायचा नाही, डोकं आपटायचं नाही.

खाली वाट वगैरे नाही. मोटारीएवढे दगड पडलेले, धारदार, काही हलणारे. हेल्मेट, त्यावर दिवा, जाड हातमोजे. दोन ठिकाणी गुडघ्यांवर जावं लागलं. आणि इथे दादा एकदम वेगळा माणूस. पाय कुठे ठेवायचा, हात कुठे, मागच्याला हाक देऊन सांगतोय. सकाळी त्याला ‘कम ऑन’ म्हणणारा गृहस्थ एका अरुंद जागी अडकल्यासारखा थांबला, तर दादा त्याच्या समोर बसून राहिला. ढकललं नाही, ओढलं नाही. म्हणाला, “टेक युअर टाइम.”

मधोमध एका जागी गाइडने सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले. एक, दोन, तीन. बंद.

तो अंधार म्हणजे लोडशेडिंगचा अंधार नव्हे. डोळे सरावतील म्हणून वाट बघता आणि काहीच होत नाही. हात नाकासमोर आणला तरी नाही. छतातून पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज. आणि त्या अंधारात दादा हळूच म्हणाला, “तुला विहिरीत मीच ढकललं होतं, आठवतंय?”

आठवतंय की. आमचं गाव साताऱ्याजवळ. मे महिन्यात सगळी पोरं विहिरीवर. मी सात वर्षांची, पाठीला डबा बांधलेला, काठावर उभी राहून रडत होते. सोळा वर्षांच्या दादाने मागून ढकललं. दोन गटांगळ्या खाल्ल्या, मग डब्याने वर आणलं. त्या सुट्टीत पोहायला शिकले.

“आज मला कोणी ढकललं असतं तर?” तो म्हणाला.

मी म्हटलं, “तू गेला असतास बहुतेक.”

“हां. आणि मेलो असतो किंवा मजा आली असती. दोन्ही शक्य होतं.” मग थोडं थांबून, “तुला तेव्हा विचारायला पाहिजे होतं मी.”

“विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. मग पोहायलाच शिकले नसते.”

“तेच ना,” दादा म्हणाला. “तेच कळत नाहीये.”

गाइडने दिवा लावला. विषय तिथेच राहिला. मलाही त्याचं उत्तर सापडलेलं नाही, खोटं कशाला सांगू. एवढं मात्र दिसलं की विहिरीत डबा होता, बाजूला दहा पोहणारे होते आणि पाणी कोमट होतं. दोन अंशांच्या पाण्यात ढकलाढकलीचं गणित वेगळं होतं.

तोच कातळ, वेगळं वय

गुहेतून बाहेर आल्यावर मी तिथला एक दगड हातात घेऊन बघितला. काळा, भोकाभोकांचा. बेसॉल्ट. आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तोच की! सह्याद्री, अजिंठा, वेरूळ, अंधेरीची गिल्बर्ट हिल, सगळं याच दगडाचं. फक्त आपला लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा आणि तिथला शेवटच्या हिमयुगानंतरचा. भूगर्भाच्या हिशेबात कालचं बाळ.

आणि या वयाने केवढा फरक पडतो बघा. तिथल्या तरुण लाव्हातली भोकं, भेगा अजून उघड्या आहेत, म्हणून पाणी चाळणीतून जावं तसं आत जातं आणि सिल्फ्रात वर येतं. आपल्या कातळातली बरीच भोकं एवढ्या काळात झिओलाइटसारख्या खनिजांनी आणि मातीने भरून गेलीत. पाणी मुरतं ते मुख्यतः भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. बाकीचं वाहून जातं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी मेमध्ये सह्याद्रीतल्या कितीतरी वाड्यांना टँकर लागतो, त्यामागे हेही एक कारण आहे. दगड एकच. एकीकडे शंभर वर्षांचं पाणी साठवून ठेवतो, दुसरीकडे चार महिन्यांचंही धरत नाही.

जाता जाता एक मस्त गोष्ट. अशा लाव्हा ट्यूब चंद्रावरही आहेत. आपल्या चांद्रयान-1 ने काढलेल्या छायाचित्रांतून इस्रोच्या शास्त्रज्ञांनी तिथे पावणेदोन किलोमीटरच्या आसपास लांबीची, छत शाबूत असलेली एक ट्यूब ओळखली होती. पुढेमागे माणूस चंद्रावर राहिलाच तर किरणांपासून आणि उल्कांपासून वाचायला अशाच जागा कामाला येतील, असा विचार आहे.

जायचं असेल तर

आता कामाचं. आइसलँडला शेंगेन व्हिसा चालतो. स्वस्त नाही, खिसा चांगलाच हलका होतो. आतून घालायला लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल आणि जाड लोकरी मोजे न्या. सुती नको, ओलं झालं की सुती कपडा ऊब सोडून देतो. चष्मा असेल तर लेन्स लावा, मास्कखाली चष्मा बसत नाही. ड्रायसूटने कधी त्रास होईल का हे बघायचं तर घरी अंगाला घट्ट बसणारा उंच गळ्याचा स्वेटर घालून अर्धा तास बसा. पूर्ण परीक्षा नव्हे, पण अंदाज येतो. गुहेसाठी घोटा धरणारे बूट.

आणि आयोजकाला, तो आइसलँडचा असो की आपल्याकडच्या धबधबा-रॅपलिंगचा, पैसे भरायच्या आधी तीन प्रश्न विचारा. एका गाइडमागे किती जण? तब्येतीची चौकशी कोण करतं, की नुसती सही घेता? आणि मी ऐन वेळी नाही म्हटलं तर माझ्यासोबत मागे कोण येणार? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला किंवा ‘अहो, काही होत नाही’ म्हणाला, तर दुसरा आयोजक शोधा.

दादाचं विचाराल तर तो पुढच्या वर्षी परत जायचं म्हणतोय. हॅम्बुर्गच्या एका तलावात ड्रायसूटचा कोर्स लावलाय त्याने. परवाच फोन आला, गळ्याची पट्टी आता वीस मिनिटं सहन होते म्हणे. उतरेल की नाही, माहीत नाही. तो म्हणाला, “जिन्यावर गेल्यावर बघू.”

तुमच्याकडे असा एखादा ‘आज नाही’वाला किस्सा असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही ऐकवीन. आवडलं असेल तर ट्रेक ग्रुपवर टाका, विशेषतः त्या मित्राला जो नेहमी मागून ‘चल रे, काही होत नाही’ म्हणत असतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, ऐकत राहा!